बिनखरखरीचा रेडिओ

डॅशबोर्डाखाली मान घालून मी शाळेच्या आवारात गाडीत उताणा पडलो होतो आणि इंगवले सर उघड्या दाराशी उभे राहून मला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. आता रेडिओही डिजिटल झाला, मध्यम लहरींवरची खरखर संपली, असं काहीतरी त्यात छापून आलं होतं. सरांनी ते कात्रण आठवडाभर खिशात बाळगलं आणि पुण्याच्या पुतण्याकडून तसला एक संच मागवून घेतला. तो पार्सलनं सकाळीच आला होता.

"जमेल ना रे जोतिराम? की कोल्हापूरला न्यायची गाडी?"

"जमेल सर," मी आतूनच म्हणालो. "वायरी सगळीकडं सारख्याच असतात."

बऱ्याच दिवसांनी माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर आला होता. मी आयटीआय केलेला माणूस. एस. टी. स्टँडमागं माझं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान होतं आणि ते बरं चाललं होतं. सात वर्षांपूर्वी ते बंद करून मी सरांच्या बोलेरोवर ड्रायव्हर झालो. कारण साधं होतं. माझी बायको उज्ज्वला बी.एस्सी., बी.एड. झालेली. सर ज्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते, तिच्या हायस्कुलात ती विज्ञान आणि गणित शिकवायला लागली, पण शाळेला अनुदान नव्हतं. दिवाळीला मानधन म्हणून काहीतरी हातावर टेकवायचे, तेवढंच. सर म्हणाले होते, अनुदान येईल, तिच्या मान्यतेचा प्रस्ताव मी वर पाठवतो, एकदा मान्यता आली की ती कायम झाली म्हणून समज; आणि मला भरवशाचा ड्रायव्हर हवाय, तू ये. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या. त्यांचा एकमेकींशी काय संबंध, हे कुणी बोललं नाही आणि ते कळायला बोलायची गरजही नव्हती.

जुना संच मी काढला. पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थची, तिन्ही निरखून नव्या संचाला जोडल्या. मोबाइलच्या चार्जरमुळं सिग्नल बिघडू नये, म्हणून चार्जर उचलून मागच्या सीटकडं नेला. अँटेनाची लांब काडी टपावर बसवली. हे सगळं होईस्तोवर दुपारची मधली सुट्टी झाली आणि दोन-चार शिक्षक गाडीभोवती जमले. सरांनी एका पोराला पाठवून उज्ज्वलालाही बोलावलं. ती आली. बोटांना खडूची पूड होती, म्हणून हात साडीपासून लांब धरून उभी राहिली.

मी चावी फिरवली. पडद्यावर केंद्राचं नाव उमटलं. चार-पाच सेकंद काहीच नाही. सरांचा चेहरा पडत चालला होता, एवढ्यात आवाज आला. शेजारी बसून बोलावं तसा. निवेदिकेनं हातातला कागद उलटला, तेसुद्धा ऐकू आलं.

"मॅडम," सर उज्ज्वलाला म्हणाले, "ह्या माणसाला आपण नुसता ड्रायव्हर करून ठेवलं, ही आपली चूक झाली."

सगळे हसले. उज्ज्वलाही हसली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. दुकान बंद केल्यापासून माझ्या कामाचं कौतुक तिनं चारचौघांत ऐकलं नव्हतं. घंटा झाली तशी ती दहावीच्या वर्गावर निघून गेली.

सरांना रेडिओचं खरंच वेड होतं. संगीत, बातम्या, शेतीचे कार्यक्रम, काहीही चालायचं. पण गाडीतल्या रेडिओचा दुसराही एक उपयोग होता. मागच्या सीटवर संस्थेतलं कुणी बसलं आणि आतल्या गोष्टी निघाल्या की सर म्हणायचे, "जोतिराम, रेडिओ लाव." त्याचा अर्थ मला पहिल्या महिन्यातच कळला होता. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटायचं. दुसरा मालक असता तर, तू खाली उतर, म्हणाला असता. सर तेवढा अपमान करत नव्हते. जुन्या रेडिओची खरखर गाडीभर पसरायची आणि तिच्याआड मागचं बोलणं बुडून जायचं. मीही कधी कान दिला नाही.

नव्या रेडिओची एक खोड मला थोड्याच दिवसांत कळली. जुना रेडिओ लांब गेलं की हळूहळू विरत जायचा, खरखर वाढायची, माणूस सावध व्हायचा. हा तसा विरत नव्हता. एक तर लख्ख बोलायचा, नाहीतर एकदम मुका व्हायचा. विजेच्या मोठ्या तारांखालून गाडी गेली की मुका, डोंगर आडवा आला की मुका. आणि पुन्हा सुरू व्हायलाही काही सेकंद घ्यायचा. मी सरांना हे सांगितलं होतं. ते म्हणाले, "डोंगरापुढं कुणाचं काय चालणार?" ह्यापलीकडं त्यांनी त्याचा विचार केला नाही. मीही केला नाही.

फेब्रुवारीत रत्नागिरीला एका निवृत्त मुख्याध्यापकांचा सत्कार होता. सकाळी आठला आम्ही निघालो. मागं सर आणि त्यांच्या शेजारी संस्थेचे चिटणीस खोत. खोत म्हणजे गावातली बडी असामी. सरांचं पान त्यांच्यावाचून हलत नसे. मलकापूर मागं पडलं आणि सर म्हणाले, "रेडिओ लाव रे."

मी लावला. हळदीच्या लागवडीवर कुणाची तरी मुलाखत चालली होती. सांगणारा माणूस जाणकार होता, सावकाश आणि खणखणीत बोलत होता. मागं दोघांचं सुरू झालं. आवाज इतका स्वच्छ असल्यामुळं त्या दोघांना त्याच्या वरच्या पट्टीत बोलावं लागत होतं, आणि आपण मोठ्यानं बोलतोय हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं. तरी मला अख्खं काही कळत नव्हतं. अनुदान, यादी, टप्पा असे सुटे शब्द तेवढे येत होते. अनुदान येणार अशी कुणकुण शाळेत महिनाभर होतीच. मला वाटलं, आज संध्याकाळी घरी काहीतरी चांगलं सांगता येईल.

आंबा घाट सुरू झाला. पुढं जांभ्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक इंच इंच उतरत होता. मी दुसरा गिअर टाकला. एका मोठ्या वळणावर उजवीकडं डोंगराची भिंत आली आणि हळदवाल्याचा आवाज वाक्याच्या मध्यावर कापल्यासारखा तुटला.

त्या शांततेत इंगवले सर पूर्ण आवाजात बोलले.

"अहो, जोतिरामच्या बायकोचं नाव मी आजवर पाठवलेलंच नाही. जागा कागदावर मोकळीच आहे. तुमच्या सुनेला मागच्या तारखेनं बसवता येईल."

शेवटचा शब्द बोलता बोलताच त्यांना कळलं असणार. कारण तो अर्धा गिळल्यासारखा झाला. खोत खोकले. मग गाडीत इंजिनाचा आवाज आणि ट्रकच्या ब्रेकचा चीत्कार, एवढंच.

मी आरशात पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी पुढं पुष्कळ वेळा केला. वळण संपलं. काही सेकंदांनी हळदवाला पुन्हा बोलायला लागला. बेण्याला निरोगी गड्डे निवडा, म्हणत होता.

"रेडिओला काय झालं होतं?" सरांनी विचारलं.

"डोंगर आडवा आला सर. सिग्नल तुटतो."

"किती वेळ?"

"लक्ष नव्हतं सर. पुढं ट्रक होता."

हे मी का बोललो, मला माहीत नाही. सवय असेल. सात वर्षं मी ह्या गाडीत काही ऐकलं नव्हतं.

घाट उतरेपर्यंत मात्र माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. सात वर्षं उज्ज्वला पहाटे पाचला उठून डबा करत होती, दहावीचे जादा तास घेत होती, शाळेच्या प्रयोगशाळेत घरून मीठ आणि लिंबं नेत होती. दर जुलैत सरांच्या केबिनमध्ये जाऊन विचारत होती आणि सर दर वेळी सांगत होते, प्रस्ताव वर अडकलाय. तो वर कधी गेलाच नव्हता. साखरप्याला गाडी थांबवायची, चावी सरांच्या हातात द्यायची आणि खोतांच्या देखत विचारायचं, असं मी ठरवलं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली. आजही ती मला पाठ आहेत.

साखरप्याला सरांनीच गाडी थांबवायला सांगितली. खोतांना फोन करायचा होता, ते रस्त्याकडेला लांब गेले. मी बॉनेटला टेकून उभा होतो. सर हॉटेलातून स्वतः दोन कप चहा घेऊन आले. सात वर्षांत त्यांनी माझ्यासाठी चहा आणला, तो त्या दिवशी.

"धर," ते म्हणाले.  "जोतिराम, तू ड्रायव्हरकी किती दिवस करणार? तुझ्या हातात कसब आहे. आपल्या संस्थेच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचराची जागा आहे. अनुदानित. मी तुझं नाव पाठवतो."

 जुळवलेली वाक्यं जिभेवर होती.

"मॅडमचं जरा लांबलंय," सर पुढं म्हणाले. अगदी मऊ आवाजात. "पण तिची उमेद राहू दे. पोरांना फार जीव लावते ती. तिच्या कानावर उगाच भलतंसलतं घालू नकोस."

चहा गरम होता. कपाचा कान तुटलेला होता, म्हणून मी तो कडेला दोन बोटांनी धरला होता. आमची सायली तेव्हा चौथीत होती. दोघांपैकी एकाचं तरी होतंय, असं माझ्या मनात आलं. ते कुठून आलं आणि इतक्या पटकन कसं आलं, कुणास ठाऊक.

"कधी पाठवणार सर?" मी विचारलं.

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

माझी मान्यता पाच महिन्यांच्या आत आली. मनात आलं तर ते काम किती सोपं होतं, हे मला तेव्हा समजलं. उज्ज्वलाला इतका आनंद झाला की तिनं शाळेत, कॉलेजात, आमच्या गल्लीत सगळीकडं पेढे वाटले. सरांच्या घरी जाऊन त्यांच्या पाया पडली. येताना म्हणाली, "तुमचं झालं, आता माझं व्हायला वेळ लागणार नाही." मी पेढ्यांचा रिकामा पुडा घेऊन तिच्या मागं चालत होतो.

त्यानंतर ती आणखी दोन वर्षं शिकवत राहिली. मी रोज पाहत होतो. रात्री वह्या तपासताना तिचे डोळे चुरचुरायचे, मी तिला दिवा जवळ करून द्यायचो. एकदा ती म्हणाली, जमत नाही आता, सोडून देऊ का? शेजारच्या तालुक्यात एका शाळेनं तिला बोलावलं होतं, मान्यतेसकट. मी म्हणालो, इतकी वर्षं काढलीस, थोडी कळ काढ. ती राहिली. ती दुसरी जागा महिन्याभरात भरली.

हे मी का सांगितलं? ती गेली असती तर सरांनी मला काही केलं असतं असं नाही. पण ती तिथं आहे तोवर माझ्या नोकरीला कुणी हात लावणार नाही, असं मला वाटायचं. आपण ज्याच्याशी सौदा केला त्याची मर्जी राखायची सवय माणसाला लागते.

मग एका जूनमध्ये खोतांची सून शिक्षक-खोलीत येऊन बसली. विज्ञान आणि गणिताला. हजेरीपुस्तकात तिचं नाव मागल्या कित्येक वर्षांपासूनचं निघालं. उज्ज्वलाची सही ज्या वहीत व्हायची, ती वही कच्ची होती, असं तिला सांगण्यात आलं. ती भांडली नाही. घरी येऊन तिनं माहितीच्या अधिकारात शिक्षण खात्याकडं अर्ज लिहिला. महिन्याभरात उत्तर आलं. त्या नावाचा प्रस्ताव संस्थेकडून कधीही आलेला नाही, असं एका ओळीत लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं सायलीला जेवायला वाढलं, अभ्यासाला बसवलं आणि मग ते उत्तर माझ्यापुढं ठेवलं. मी ते वाचलं. चकित झाल्यासारखं करायला हवं होतं, पण माझ्याच्यानं झालं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

मी तिला घाटातलं सगळं सांगितलं. रेडिओ, खोत, साखरप्याचा चहा.  शेवटी तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे मी पेढे वाटले तेव्हा?"

"हो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. परत आली तेव्हा तिचा आवाज वर्गात असतो तसा होता.

"मी दाद मागणार आहे. ते म्हणतील, ही हौसेनं फुकट शिकवायला यायची. नाव मुद्दाम पाठवलं नाही, हे मला दाखवावं लागेल. तुम्ही स्वतः सरांच्या तोंडून ऐकलंय. सांगाल?"

"सांगेन," मी म्हणालो. त्या संध्याकाळी ते खरं होतं.

सुनावणी कोल्हापूरला होती. तोवर वर्ष गेलं. त्या वर्षात मला कुणी धमकी दिली नाही. सरांनी तर कधी विषयही काढला नाही. फक्त एकदा कॉलेजच्या कारकुनानं, माझ्या सेवापुस्तकात एक कागद कमी आहे, बघायला लागेल, असं सहज सांगितलं. पुढं त्या कागदाचं काय झालं, मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. सायली आठवीत गेली होती.

मी साक्षीला उभा राहिलो तेव्हा सर समोर बसले होते. ते थकले होते, गुडघ्यांवर हात ठेवून त्या हातांकडंच पाहत होते. उज्ज्वला तिच्या वकिलाच्या मागं, कापडी पिशवीत सगळे कागद घेऊन. आत शिरण्याआधी तिनं मला पाण्याची बाटली दिली होती.

संस्थेच्या वकिलानं सौम्यपणे सुरुवात केली.

"गाडीत रेडिओ होता?"

"होता."

"कुणी बसवला?"

"मीच बसवला."

"आवाज कसा होता त्याचा?"

"चांगला होता. स्वच्छ."

"त्या दिवशी चालू होता?"

"चालू होता."

"मग रेडिओ चालू असताना मागच्या सीटवरचं बोलणं ड्रायव्हरला ऐकू येतं का?"

प्रश्न अगदी सरळ होता आणि त्याचं खरं उत्तरही सरळ होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की त्या वळणावर तो बंद पडला. मी उज्ज्वलाकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. खाली मान घालून कागदांचे कोपरे जुळवत होती, आता उत्तर येईल ह्या खात्रीनं.

"नाही," मी म्हणालो. "ऐकू येत नाही."

कागद जुळवणारे हात थांबले. तिचा वकील घाईनं उठला आणि त्यानं विचारलं, घाटात रेडिओ मध्येच बंद पडला होता की नाही, नीट आठवून सांगा.

"मला आठवत नाही."

सरांनी वर पाहिलं नाही.

निकाल नंतर लागला आणि तो आमच्या विरुद्ध गेला, पण ते त्या दिवशीच ठरलं होतं. बाहेर आल्यावर उज्ज्वला वकिलाशी दोन मिनिटं बोलली, त्यांचे आभार मानले आणि रस्त्याला लागली. मी तिच्या मागून. स्टँडवर आमच्या गावची गाडी लागलीच होती. बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. ती पुढच्या बाजूला खिडकीशी बसली आणि कागदांची पिशवी तिनं शेजारच्या जागेवर ठेवली.

मी थोडा वेळ वरचा दांडा धरून तसाच उभा राहिलो.

"पिशवी मी मांडीवर घेऊ का?" मी विचारलं.

"राहू दे," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुम्हाला मागं जागा आहे."